‘आधी’चा फोटो

शेजारी म्हणायचे, ही पोरगी कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी खुर्ची सरकवल्याशिवाय बसायची नाही. ते खोटे नव्हते. लहानपणी समोरच्या दारी ती खेळायला जाई आणि परत निघेपर्यंत त्या घरातले स्टूल खिडकीखाली, खिडकीतली कुंडी दाराशी आणि दारातले पायपुसणे नाकासमोर सरळ रेषेत आलेले असे. शिवणकाम करणाऱ्या काकूंनी तर एकदा स्वतःचीच कात्री शोधता शोधता दुपार घालवली होती. ती सापडली रिळांच्या शेजारी, रंगसंगती साधून ठेवलेली. सरकव-सरकव करते म्हणून सगळे तिला सरकी म्हणू लागले आणि खरे नाव शाळेच्या दाखल्यापुरते उरले.

तिच्या आईबद्दल शेजारी निराळ्या सुरात बोलत. आई घरातच पाळणाघर चालवी. आसपासच्या नोकरदार बाया सकाळी आपली तान्ही तिच्या हवाली करून जात आणि संध्याकाळी ती धुतल्यापुसल्या तोंडाने परत मिळत. ह्या बाईच्या फरशीवर मूल सोडले काय आणि स्वतःच्या मांडीवर सोडले काय, एकच, असे म्हणण्याची पद्धतच पडली होती. दुपट्यांना उन्हाचा आणि साबणाचा वास येई, खेळणी रोज गरम पाण्यातून निघत, आणि दारात चपला काढल्याशिवाय प्रत्यक्ष नवऱ्यालाही आत पाऊल टाकता येत नसे. वडील लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होते. जन्मभर लोकांना वर चढवले आणि आपण तळमजल्यावरच राहिलो, हा त्यांचा ठरलेला विनोद होता. त्यावर हसायचे काम आई इमानाने करी.

शिक्षण संपवून सरकी घरसजावटीच्या एका ऑफिसात इंटर्न म्हणून लागली. कापडांच्या आणि लाकडी पट्ट्यांच्या नमुन्यांना चिठ्ठ्या लावणे, गिऱ्हाइकांच्या घरांच्या फोटोंखाली मजकूर लिहिणे, कुणी आले की कॉफी आणणे, असे तिचे काम होते. ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तिघी इंटर्नना समोर बसवून सांगितले की आपल्या धंद्यात हातातली कला अर्धी आणि ओळख अर्धी. कामाच्या ओळखी जोडण्याच्या त्या संकेतस्थळावर जिचे प्रोफाइल बोलेल, तिचीच नोकरी मुदतीनंतर कायम होईल. तिघींतली एकच ठेवायची होती.

इतर दोघींचे बरे होते. एकीने आपल्याच बंगल्याच्या जिन्याचे फोटो टाकले, दुसरीने मामाच्या हॉटेलातल्या बैठकीचे. सरकीपाशी काय होते? घरात शिरताच उजव्या हाताला येणारी एक भिंत. ती तिने धुरकट हिरव्या रंगाने स्वतः रंगवली होती. तिच्यावर दोन फळ्या, फळ्यांवर पाठींच्या रंगानुसार लावलेली पुस्तके, कागदी टोपीचा दिवा आणि एक रोप, ज्याची पाने ती ओल्या फडक्याने पुसत असे. ऑफिसचे व्हिडिओ कॉल ती ह्या भिंतीपुढे बसून घेई. कॉल सुरू होण्याआधी आई सगळ्या बाळांना उचलून स्वयंपाकघरात जाई आणि दार लोटून घेई. आतून एखादे रडू फुटलेच तर सरकी माइक बंद करी आणि चेहऱ्यावरचे हसू ढळू देत नसे. वडील म्हणत, आमच्या घराला भिंती चार, त्यांतली एक कंपनीची. पाठ टेकायची तर अर्ज करावा लागतो.

सरकीला प्रोफाइल म्हणजेही एक खोलीच वाटे. दर्शनी काय मांडावे, पडद्यामागे काय लोटावे, उजेड कुठून यावा, ह्याचा विचार ती तितक्याच बारकाईने करी. आईच्या पाळणाघराला त्या खोलीत जागा नव्हती. सोबतच्या इंटर्नने कधीतरी विचारले तेव्हा आई बालसंगोपन क्षेत्रात आहे, असे तिने सांगितले, आणि मग ते क्षेत्र केवढे मोठे असेल ह्याचा विचार समोरचीवर सोपवून दिला. घर नीटनेटके होते, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, हे तिला ठाऊक होते. तरीही दोरीवर ओळीने वाळणारे लंगोट, भिंतीला उभी केलेली रबरी चटई, प्लास्टिकचे टब आणि फरशीतली ती एक तांबडी लादी, जी फुटलेल्या राखाडी लादीच्या जागी मिळेल तशी बसवलेली होती, हे सगळे डोळ्यांपुढे आले की तिची मान आपोआप खाली जाई.

ऑफिसात कामाची एक रीत होती. प्रत्येक घराचे दोन फोटो लागत, ‘आधी’ आणि ‘नंतर’. ‘आधी’चा फोटो काढताना पडदे ओढून घेत, दिवे मालवत, कॅमेरा खाली धरून छत अंगावर आल्यासारखे दाखवत आणि घरातलेच कपडे, भांडी, वर्तमानपत्रे उचलून इकडेतिकडे पसरून देत. गिऱ्हाइकांनाही ते माहीत असे. तेही हसत हसत उशा फेकू लागत. मॅडमचे म्हणणे असे की आधीचे दुःख दिसल्याशिवाय नंतरच्या सुखाला किंमत येत नाही. ह्यात कुणाला फसवणूक वाटत नव्हती. नाटकाला पडदा असतो, तसे हे.

मुदत संपत आली तरी सरकीच्या नावावर एकही घर नव्हते. त्याच सुमारास एका सुटीच्या दिवशी आईवडील मावशीकडे गेले. दार लागताच तिने पाळणे, चटया, टब सगळे मधोमध ओढले. धुतलेली दुपटी घडी मोडून खुर्च्यांवर टाकली. स्वयंपाकघरातली भांडी आणून जमिनीवर मांडली, चादरीवर चहा सांडला आणि त्याचा डाग पसरेपर्यंत थांबली. पडदा ओढून तिने ‘आधी’चा फोटो काढला. मग सगळे उचलून आतल्या खोलीत कोंडले, फरशी पुसली, हिरव्या भिंतीपुढे दोन खुर्च्या तिरप्या ठेवल्या, दिवा लावला आणि ‘नंतर’चा फोटो काढला. संध्याकाळी घर पूर्ववत होते. आई आली, तिने फरशीवरून तळवा फिरवून पाहिला आणि न सांगता पोरीने घर पुसले म्हणून तिला इतके अप्रूप वाटले की दुसऱ्या दिवशी शिवणवाल्या काकूंना तिने ते दोनदा सांगितले.

त्या दोन फोटोंखाली सरकीने लिहिले की हे तिचे पहिले स्वतंत्र काम. घरमालकीण मनाने चांगली, पण आयुष्यभर पसाऱ्यात आणि अस्वच्छतेत राहिल्याने तिला त्याची सवयच होऊन गेलेली. तिचा मान न दुखवता तिला स्वच्छतेची आणि सौंदर्याची दृष्टी देणे हीच खरी कसोटी होती. मजकूर लिहिताना आपण हे आईबद्दल लिहीत आहोत, असे तिला वाटलेच नाही. ऑफिसात अशा ओळी ती रोज लिहीत होती. हात वळणाने चालला.

पोस्ट भलतीच चालली. अनोळखी लोकांनी टाळ्या पाठवल्या, मोठ्या हुद्द्यांवरच्या माणसांनी संवेदनशील, प्रेरणादायी असे शेरे मारले. मॅडमनी सगळ्यांसमोर ती वाचून दाखवली. इतर दोघींचे चेहरे पाहून सरकीला मनातून गुदगुल्या झाल्या, हेही लपवण्यात अर्थ नाही.

पाळणाघरातल्या एका मुलीची आई बँकेत अधिकारी होती. घरात तिला सगळे बँकवाली म्हणत. सरकीची आणि तिची त्या संकेतस्थळावर ओळख नव्हती; पण बँकवालीच्या कुणा सहकाऱ्याने पोस्टला टाळी दिली आणि ती तिच्यापुढे आली. फोटो अंधारा होता. तरी राखाडी फरशीतली तांबडी लादी तिने तत्काळ ओळखली, कारण तिची लेक रांगत जाऊन नेमकी त्याच लादीवर बसे आणि तिथून उचलले की भोकाड पसरी. त्या आठवड्यापासून मुलीला सांभाळायला तिची आजी येणार असल्याचा निरोप आला. पाठोपाठ तिच्याच बँकेतल्या दुसऱ्या बाईने मुलाला सर्दी होते असे कारण काढले. तिसरीने कारणही दिले नाही. दोन पाळणे रिकामे झाले, मग तिसरा. आईने ते घडी करून भिंतीला टेकवले आणि उरलेल्या बाळांना नेहमीच्या वेळी झोपवले.

शेवटी शिवणवाल्या काकूंनीच आपल्या फोनवर तो फोटो आणून दाखवला. त्यांना तो कुणीतरी पाठवला होता, खाली लेखिकेचे नाव नव्हते, नुसते चित्रच फिरत होते. काकू चिडल्या होत्या. कुणीतरी डाव साधला, नावे शोधून काढू, म्हणत होत्या. आईने चष्मा लावून फोटो पुष्कळ वेळ पाहिला. काकू गेल्यावर तिने दार लावले आणि सरकीपाशी येऊन हळू आवाजात विचारले.

“हा कुठल्या दिवसाचा गं? घर आपलंच आहे. दुपटीही आपलीच. मला कसं आठवत नाही?”

तेव्हा खरे सांगता आले असते. सरकीच्या जिभेवर ते आलेही होते. पण नोकरीचे पत्र आता लवकरच निघणार होते, आणि पोस्ट खोटी ठरली तर ते निघणार नव्हते. आई पावसाळ्यापूर्वी तापाने पडली होती, तेव्हाचा असेल एखादा दिवस, असे ती बोलून गेली. आईने मान हलवली. कुणी काढला असेल, हे तिने विचारलेच नाही. फोटो खोटा असू शकेल हे तिच्या मनाला शिवले नाही. आपलाच हात ढिला पडला आणि आपल्याला ते कळलेही नाही, एवढेच तिने त्यातून घेतले.

त्यानंतरचे दिवस सरकीने ज्या रीतीने काढले ते तिचे तिलाच ठाऊक. आई पहाटे उठून पुसलेली फरशी पुन्हा पुसू लागली. दुपटे नाकाशी नेऊन हुंगे आणि खात्री न पटून नवऱ्यापुढे धरी. वडिलांनी आधी थट्टा केली, की एवढी घासशील तर खालचे जग दिसू लागेल. मग तेही दुपटे हुंगून चांगले आहे म्हणू लागले. आई डोळे तपासून आली. डॉक्टरांनी नंबर तोच आहे असे सांगितले, तर तिला ते ऐकून बरे वाटण्याऐवजी वाईटच वाटले. निदान नंबर वाढला असता तर दोष डोळ्यांवर टाकता आला असता. पुढे पुढे कुणी मूल सोडायला आले की ती स्वतःहून दार सताड उघडे ठेवी आणि आत येऊन बघा, असे म्हणे. बायका ओशाळून नको नको म्हणत. आतल्या खोलीत बसलेल्या सरकीच्या कानांवर ते शब्द पडत आणि तिला हातातला फोन निखाऱ्यासारखा होई. तरी ती टाळ्या मोजीत नसे असे नाही.

तशात मॅडमचा निरोप आला की तिचे नाव जवळजवळ पक्के आहे. कंपनीच्या पानावर तिच्या कामाची ओळख द्यायची आहे, फक्त घरमालकिणीचे दोन शब्द व्हिडिओवर हवेत. चेहरा नीट दिसावा, आधी घर कसे होते ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगावे.

सरकीने आईला अर्धेच सांगितले. ऑफिसला एका घरमालकिणीची मुलाखत हवी आहे, दुसरे कुणी तयार नाही, तू बसशील का. काय बोलायचे ते सांगायला तिला तोंड फुटेना. आपल्या खोलीतच सजावट केली असे म्हण, एवढे ती कशीबशी म्हणाली. आईने हो म्हटले. ठेवणीतले कपडे घातले, केस बसवले, आणि ज्या भिंतीला तिने आजवर कधी पाठ टेकली नव्हती तिच्यापुढच्या तिरप्या खुर्चीत ती ताठ बसली. सरकीने फोन उभा केला आणि लाल ठिपका दाबला.

आईने घसा साफ केला. शाळेत पाठांतर म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती बोलू लागली.

“माझं घर फार अस्वच्छ असायचं. मला ते दिसत नव्हतं. लहान लेकरं असतात घरात, तरी मी लक्ष दिलं नाही. ह्या मुलीनं मला न दुखवता शिकवलं. मी तिची आभारी आहे.”

हे शब्द पोस्टमधले होते. सरकीच्या लक्षात आले की आईला ती पोस्ट कुणीतरी वाचून दाखवली आहे, नावासकट, आणि तिने ती पाठ केली आहे. कुणी, कधी, ते विचारण्याचे धैर्य तिला झाले नाही. आई कॅमेऱ्याकडे पाहत होती, लेकीकडे नव्हे, आणि नीट झाले का, की पुन्हा म्हणू, असे विचारत होती.

सरकीने व्हिडिओ बंद केला. ती उभ्या उभ्याच सांगू लागली, की तुम्ही मावशीकडे गेला होता त्या दिवशीचा तो फोटो आहे. पसारा मी केला. भांडी मी आणून मांडली. ताप आला होता तेव्हाचे काही नाही, तेही मी खोटेच सांगितले. वडील दारात येऊन उभे राहिले होते; त्यांनी ऐकले आणि ते चपला न घालताच बाहेर पायरीवर जाऊन बसले.

आईने एवढेच विचारले, “चादरीवर पिवळं काय होतं?”

“चहा. मीच सांडला.”

“म्हणजे शी नव्हती.” आईने डोळे मिटले आणि सोडलेला श्वास दूरपर्यंत ऐकू आला. “मी म्हटलं, लेकरू घाणीत निजलं आणि मला कळलं नाही.”

तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि लेकीला ती सुटकाच बघवेना. रागावली असती तर रडता आले असते, पाय धरता आले असते. आई उठली, खुर्ची जागेवर ठेवली आणि बाळांचे दूध तापवायला आत गेली.

त्याच दुपारी सरकीने पोस्टखाली लिहिले की ‘आधी’चा फोटो बनावट आहे, हे घर तिचे स्वतःचे, घरमालकीण म्हणजे तिची आई, आणि त्या घरात कधीही अस्वच्छता नव्हती, पसारा तिने फोटोसाठी मुद्दाम घातला होता. ज्यांनी टाळ्या दिल्या होत्या त्यांतल्या पुष्कळांनी हे वाचलेही नसेल, कारण दुरुस्तीला टाळ्या मिळत नाहीत. मॅडमनी मात्र वाचले. त्यांनी आवाज चढवला नाही. पसारा घालणे ही ऑफिसची रीत आहे, ते चव्हाट्यावर मांडण्याची नव्हे, असे त्यांनी सांगितले आणि नमुन्यांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवायला लावली. नोकरी बंगल्याच्या जिन्याला गेली. आपण खरे बोललो म्हणून नोकरी गेली, असे सरकीने मनाशी म्हणून पाहिले, पण ते टिकेना. खरे ती फार उशिरा बोलली होती, तेही आईला कॅमेऱ्यापुढे बसवून झाल्यावर.

आईने पुढे कधीही ‘का’ असे विचारले नाही. वडिलांनीही नाही, ते हिरव्या भिंतीवरून विनोद करायचे थांबले, इतकेच. सरकी सकाळी पाळणाघरात आईच्या हाताखाली काम करू लागली आणि उरलेल्या वेळात दुसरीकडे अर्ज करू लागली. आई तिच्याशी पूर्वीसारखेच बोले. दूध कोमट झाले का बघ, त्याला डाव्या कुशीवर घे. पण घराबद्दल काही निघाले की ती वाक्य अर्ध्यावर सोडून देई, जसे एखाद्या पाहुण्यापुढे घरचे बोलणे आवरते घ्यावे.

पोस्टखालचा खुलासा वाचून बँकवाली आली ती एका सुटीच्या सकाळी, मुलीला कडेवर घेऊन. दारातच तिने चपला काढल्या आणि आईची माफी मागितली; आपण विचारायला हवे होते, एका फोटोवरून इतक्या दिवसांचे पाहिलेले विसरलो, म्हणाली. आईने मुलीला हात पुढे केले. मुलगी ओळख विसरली नव्हती. तिने झेप घेतली. बँकवालीची नजर धुतलेल्या दुपट्यांवरून, पुसलेल्या फरशीवरून फिरत सरकीपाशी आली. तिला राग होता की नवल, ते सांगता आले नसते.

“अगं, तुझ्या आईचं घर असं आरशासारखं,” ती म्हणाली. “ते जगाला घाण करून दाखवायची काय गरज पडली तुला?”

आई मुलीला खांद्यावर थोपटत होती. तिचा हात थांबला. इतके दिवस न विचारलेला प्रश्न परक्या तोंडून घरात आला होता, आणि आता उत्तर ऐकल्यावाचून तिलाही हलता येणार नव्हते. ऑफिसची रीतच तशी होती, नोकरीचा प्रश्न होता, सगळेच करतात, ही उत्तरे सरकीपाशी तयार होती आणि त्यांतले एकही खोटे नव्हते. तिने आईकडे पाहिले नाही.

“घर स्वच्छ होतं तेव्हाही मला त्याची लाज वाटायची,” ती म्हणाली. “आहे तसं दाखवण्यापेक्षा घाण करून परक्याचं म्हणून दाखवणं सोपं गेलं.”